मागचं चाक: चोर सापडला, पण भलतीकडेच

गेल्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, सायकलच्या मागच्या ट्यूबलेस टायरमध्ये ६० मिली ताजं सीलंट (बारीक भोकं आतून बुजवणारं दुधाळ लॅटेक्स) भरलंय, आता दोन-तीन महिने बघायला नको. तोंडावर आपटलो. हवेचा दाब रात्री ३५ पीएसआय, सकाळी १८. पुढचं चाक ठणठणीत.

पहिला संशय व्हॉल्व्हवर. त्याचा कोअर (आतली सुटी होणारी झडप) काढला तर त्याच्या टोकाला वाळलेल्या लॅटेक्सची टोपी. नवा टाकला. (पकड वापरू नका रे, खाचा झिजतात. बोटाएवढा कोअर रिमूव्हर मिळतो, तो घ्या.) सकाळी २०. मग वाटलं, सीलंटच आटलं असणार. व्हॉल्व्ह खाली आणून, हवा सोडून, बारीक झिप टाय आत घातला, तर टोक दुधात बुडवल्यासारखं ओलं. साबणाचं पाणी साइडवॉलला लावलं, बीडला (टायरची रिममध्ये बसणारी कड) लावलं. एक बुडबुडा येईल तर शपथ!

चौथ्या रात्री सहज तेच पाणी स्पोकच्या निपलांवर (स्पोक रिमला धरून ठेवणारे छोटे नट) मारलं. व्हॉल्व्हपासून सातव्या निपलच्या मुळाशी मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. पाच मिनिटं नुसता बघत बसलो. टायर निर्दोष, गळती रिमच्या आत स्पोकची भोकं झाकणाऱ्या टेपमधून!

टायर उतरवला. सातव्या भोकावरची टेप एकदम कोरी. च्यायला! मग डोक्यात प्रकाश पडला: रिम आतून पोकळ, हवा एकीकडून शिरते आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडते. खरी जागा जवळजवळ समोरच्या बाजूला निघाली. तिथे टेपची कड उचललेली आणि खाली सीलंटची पिवळट पापडी. ती अख्खी एका ओढीत सोलून निघाली, त्या सुखाला तोड नाही.

बेत होता, हीच टेप दोन थर मारायची. पण लिहिता लिहिता उठून रिम मोजली: आतून २५ मिमी, टेपही २५. म्हणजे कडेला चढायला काही उरतच नाही, बीड बसताना ती ढकलली जाणार. दोन थर रद्द. २८ ची मागवतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने रिम पुसून एकच थर ताणून लावतो, व्हॉल्व्हच्या पुढे दहाएक सेंटिमीटर ओव्हरलॅप. मग ट्यूब घालून रात्रभर दाबून ठेवीन.

पुढच्या चाकाला त्याच रोलची टेप आहे. सीलंट बदलायची वेळ येईपर्यंत मी तिकडे बघणारसुद्धा नाही.