लेकीचा पासपोर्ट आणि 'बी' काउंटर

लेकीचा पासपोर्ट येऊन महिना झाला, तरी पासपोर्ट सेवा केंद्रातलं 'बी' काउंटर, कागदपत्रं तपासतात ते, आठवलं की डोकं तापतं.

तिचे वडील ती दोन वर्षांची असताना घर सोडून गेले ते गेलेच. घटस्फोट नाही, पत्ता नाही. अर्ज, फी, तारीख, 'ए' काउंटरवरचा फोटो, सगळं बिनबोभाट झालं. 'बी'वरच्या साहेबांनी कागद चाळले. "वडिलांची सही?"

मी 'अ‍ॅनेक्शर सी' पुढे केलं. दोघांपैकी एकाची संमती मिळत नसेल, तर दुसऱ्याने द्यायचं घोषणापत्र. "असं नाही चालत. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून आणा." डिसेंबर २०१६पासून ही अ‍ॅनेक्शरं साध्या कागदावर चालतात, नोटरी लागत नाही. मी वाचलं होतं, पण त्याची प्रिंट नेली नव्हती. तुम्ही न्या.

मग साहेब लेकीकडे वळले. "घरी कोण कोण असतं गं?"

"आई, आजी, मावशी."

"म्हणजे कोणीच नाही?"

आठ वर्षांची पोर. तिने बोटांवर पुन्हा मोजलं आणि म्हणाली, "तीन आहेत."

मी तिथे भांडले नाही याचाच जास्त राग येतो. मुकाट बाहेर पडले. स्टॅम्प पेपर, नोटरी, नवी तारीख, पुन्हा बुडालेली शाळा. तीन आठवडे गेले. दुसऱ्या खेपेला 'बी'वर एक बाई होत्या. नोटरीचा कागद उचलून म्हणाल्या, "हा कशाला आणलात?" आणि पाच मिनिटांत आम्हाला शेवटच्या 'सी' काउंटरकडे धाडलं. तो कागद मला परत मिळाला. त्याच्या पाठीवर आता लेकीची गणितं आहेत.

तुम्हाला अडवलं तर उठू नका, सहायक पासपोर्ट अधिकाऱ्यांना भेटायचंय म्हणून सांगा. मला हे नंतर कळलं. घोषणापत्रात संमती का नाही ते लिहायचं असतं, तिथे मी रडगाणं लिहिलं होतं; 'वेगळे राहतात, संपर्क नाही' एवढं पुरतं. जन्मदाखल्याची मूळ प्रत सोबत न्या. आणि हो, अर्जात आई-वडिलांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं, हे आधी सांगायला हवं होतं.

लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. म्हणजे ती तेरा वर्षांची झाली की पुन्हा 'बी' काउंटर. प्रिंट आत्ताच काढून फाइलमध्ये ठेवलीय.