बदलापूर लोकलमधली आजची चर्चा

आज संध्याकाळी लेडीज डब्यात पुन्हा तोच विषय निघाला: बदलापूरच्या शाळेत चिमुरड्यांवर झालेला अत्याचार आणि पोलिसांच्या गोळीने मेलेला आरोपी. मेथी निवडत बसलेल्या काकी म्हणाल्या, "गोळी घातली तेच बरं झालं. कोर्टात वर्षानुवर्षं गेली असती." आजूबाजूच्या चार-पाच जणींनी माना डोलावल्या.

मला गप्प बसवेना. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर का उतरले होते? चिमुरड्यांच्या आईवडिलांना तक्रार नोंदवायला तासन् तास ताटकळत ठेवलं होतं म्हणून! पुढे २३ सप्टेंबरला पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीला त्यांच्या गाडीतच गोळी लागली, तो मेला आणि पेढे वाटले गेले. त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही. शाळेत कुणाला काय माहीत होतं, कुणी दडपलं, हे त्या खटल्यात नीट बाहेर आलं असतं. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं. आणि चकमकींची चौकशी कशी व्हावी याचे १६ नियम सुप्रीम कोर्टाने घालून दिले तेही २३ सप्टेंबरलाच, २०१४ साली, महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. बरोबर दहा वर्षं!

मला पोलीस हवेत, पण तक्रार घेऊन आलेल्या आईला खुर्ची देणारे, रात्रीच्या शेवटच्या लोकलला डब्यात दिसणारे.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. अंबरनाथ गेल्यावर पिशवीला गाठ मारत म्हणाल्या, "पटतंय गं तुझं. पण माझी नात चार वर्षांची आहे."

मी त्यांचा हात धरला. बदलापूर येईपर्यंत दोघी तशाच दारात उभ्या होतो.