दोरीउड्या, काळी ट्रॅकपँट आणि पेल्विक फ्लोअर

खोकलं, शिंकलं, उडी मारली की लघवी निसटते हा दोन बाळंतपणं झालेल्या बायकांचा त्रास, असं आपल्याकडं डोक्यात पक्कं बसलंय. मग लग्नाचा अजून पत्ता नाही अशा, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरीला हे झालं तर ती सांगणार कुणाला? आईला सांगितलं तर पहिला खेळ बंद, सरांना सांगायचा तर विषयच नाही. मग ती आपल्या आपण तोडगा काढते, म्हणजे काय तर दुपारपासून पाणी पीत नाही, काळी ट्रॅकपँट घालते, जर्किन कमरेला बांधते आणि पाळी नसतानाही पॅड लावून येते. मी संध्याकाळी मुलींची प्रॅक्टिस घेते त्यामुळं मला हे सगळं ओळखीचं झालंय, दोरीउड्या घ्या म्हटलं की "मॅडम, मी जरा जाऊन येतो" म्हणणारी एक तरी असतेच आणि ती बया आत्ताच जाऊन आलेली असते.

तर पोरींनो, तुम्ही एकट्या नाही. अमेरिकेत 1994 साली एक अभ्यास छापून आला होता, कॉलेज टीममधल्या 144 खेळाडू मुली, वयं विशीच्या आसपास, मूल एकीलाही नाही. त्यातल्या 28 टक्के जणींनी सांगितलं की खेळताना लघवी निसटते. जिम्नॅस्टिक्स आणि बास्केटबॉलवाल्यांत तर दर तिघींत जवळजवळ दोघी, आणि गोल्फवाल्यांत एकही नाही! म्हणजे कारण कशात आहे ते कळलंच असेल, उड्या आणि धावपळ.

आत काय होतं ते सांगते. पुढं जांघेच्या मधलं हाड आणि मागं माकडहाड, यांच्यामध्ये स्नायूंची एक झोळी बांधलेली असते, तिच्यावर मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळं टेकलेलं असतं. हाच पेल्विक फ्लोअर. ब्लॉकला, म्हणजे जाळीपाशी बॉल अडवायला, उडी मारून पाय जमिनीवर आपटले की पोटातला सगळा दाब खाली या झोळीवर येतो, ती वेळेत आवळली तर लघवीची वाट बंद राहते, नाही आवळली किंवा खेळून खेळून दमलेली असली की थेंब सुटतो. वजन उचलणाऱ्या आणि कुस्तीच्या मुलींचंही तेच, श्वास कोंडून जोर लावला की दाब खालीच जाणार. आणि एक गैरसमज, मी एवढ्या बैठका मारते, माझं पोट कडक आहे, मग हे स्नायू पण कडकच असणार. तसं नसतं बरं का. दंड-मांड्या कमावल्या म्हणून हे आपोआप कमावले जात नाहीत, त्यांचा व्यायाम वेगळा करावा लागतो.

तो व्यायाम म्हणजे केगल, अर्नॉल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 1948 मध्ये त्यावर लिहिलं तेव्हापासून हे नाव चिकटलं. नाव ऐकलेल्या खूप असतात, पण बरोबर करणाऱ्या कमी, कारण बाहेरून काही दिसतच नाही. मी काय करते, हाताच्या टॉवेलची लांब गुंडाळी करून बाकड्यावर ठेवते आणि तिच्यावर दोन्हीकडं पाय टाकून, स्कूटरवर बसल्यासारखं बसायला सांगते. आता गॅस अडवायचाय आणि लघवी पण अडवायचीय असं समजून आतून वर ओढा. गुंडाळीवरून काहीतरी आत उचललं गेल्यासारखं वाटलं तर जमलं, अख्खी पोरगीच वर उचलली गेली तर कुल्ले आवळलेत, परत करा. (पहिल्या दिवशी नुसतं खी खी चालतं, चालू दे.) मांड्या ढिल्या, पोट ढिलं, श्वास चालू. श्वास कोंडून केलं तर वरून दाब देणं आणि खालून ओढणं दोन्ही एकदम होतं, उपयोग शून्य.

सहा ते आठ सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सोडा, असं आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. शेवटी पाच-सहा झटपट, आवळ-सोड आवळ-सोड. सोडणं पण तेवढंच महत्त्वाचं, सतत आवळून बसायचं नाही. आधी झोपून, मग बसून, मग उभ्यानं आणि मग बैठक मारताना, उडी मारताना. आणि हे किमान तीन महिने करायचं, आठ दिवसांत काय फरक पडत नाही म्हणून सोडून देणाऱ्या लय बघितल्या. लघवी करताना मधेच थांबवून प्रॅक्टिस करू नका, स्नायू कुठले ते ओळखायला एखाद्या वेळी ठीक, रोज नको, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

खेळणाऱ्यांसाठी खरी गंमत पुढं आहे. शिंक येणार, उडी मारणार, वजन उचलणार, त्याच्या क्षणभर आधी आवळायचं आणि ते होईपर्यंत धरायचं. सुरुवातीला मुद्दाम आठवण ठेवावी लागते, सर्व्हिस बघू का खालचं बघू असं होतं, पण हळूहळू अंगवळणी पडतं.

पाणी बंद करू नका हे तर हात जोडून सांगते. कोल्हापूरचं एप्रिलचं ऊन, त्यात दोन तास प्रॅक्टिस, पाणी नाही म्हटल्यावर लघवी घट्ट होते, जळजळते आणि उलट घाई जास्त लागते. अर्थात ग्राउंडवरच्या बाथरूमला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडं तो चहाला गेलेला, असं असल्यावर पोरींनी पाणी प्यायचं कुठल्या भरवशावर, हा प्रश्न मी विचारून दमले. बद्धकोष्ठ असलं तरी त्रास वाढतो, कुंथल्यावर सगळा जोर खालीच जातो ना. आणि वजनगटात बसायला उपाशी राहून पाळी बंद पडलेली असेल तर ते वेगळंच दुखणं, त्याला नुसता केगल पुरणार नाही.

काही जणींचे हे स्नायू मुळातच घट्ट असतात. ओटीपोटात दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, पाळीत टॅम्पॉन किंवा कप आत घालताना दुखतं, असं असेल तर केगल करत बसू नका, त्यानं वाढू शकतं, त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं. पेल्विक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओ असतात, आपल्या लेडी डॉक्टरना विचारा, त्या पाठवतात. जळजळ, ताप, लघवीत रक्त असलं तर मात्र व्यायाम राहू दे बाजूला, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाकी आयांसाठी एक, कारण परवाच एकीनं कानात विचारलं, "मॅडम, यानं पुढं मूल व्हायला काय अडचण येत नाही न्हवं?" नाही ओ काकू, उलट डॉक्टर बाळंतपणाआधी आणि नंतर हाच व्यायाम सांगतात. तुम्ही पण करा की.