खडी कुणी फोडली

दिवस पहिला, रात्र, येन मिन

पाठ, मांड्या आणि कमरेखालची एक शीर, जी आपल्याला आहे हेच मला चव्वेचाळीस वर्षं माहीत नव्हतं, सगळं एकदम बोलतंय. होमस्टेच्या वरच्या मजल्यावर जमिनीवर गादी, वर गुलाबी मच्छरदाणी, शेजारच्या मच्छरदाणीत मैत्रीण घोरतेय, खाली कराओके चालूय. कोणीतरी व्हिएतनामी विरहगीत इतकं मनापासून बेसूर गातंय की भाषा न कळूनही वाईट वाटतंय.

काल रात्री हानोईहून स्लीपर बसने निघालो, तीनशेच्या आसपास किलोमीटर, सहा-सात तास. बसमध्ये चढताना बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायला लावतात, आपल्याकडे देवळाबाहेरसुद्धा एवढी शिस्त नसते. पहाटे हा जांगला उतरलो, इथून चार दिवस मोटरसायकलवर डोंगरांतून फिरायचं. तसं कागदोपत्री आता हा जांग प्रांतच नाही, १ जुलै २०२५ पासून तो तुयेन क्वांगमध्ये विलीन झालाय, पण इथं सगळे हा जांगच म्हणतात. मला काही विशेष वाटलं नाही, आमच्याही जिल्ह्याचं नाव बदललं आणि आम्ही अजून नगरच म्हणतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे मी गाडी का नाही चालवत. पुण्यात पंचवीस वर्षं स्कूटर चालवलीय, ताम्हिणीत चालवलीय, त्यामुळे मी ठरवूनच टाकलं होतं की गाडी भाड्याने घ्यायची आणि निघायचं. मग कळलं की आपलं इंटरनॅशनल लायसन्स १९४९च्या करारातलं आणि व्हिएतनाम मानतं १९६८च्या करारातलं, म्हणजे आपला तो कागद इथे नुसता कागद. पकडलं तर दंड, आणि पडलो तर इन्शुरन्स हात वर करणार. म्हणून मग 'ईझी रायडर', म्हणजे गाडी त्यांची, चालवणार ते, आपण मागे बसायचं. मला मागे बसायची सवय नाही. नवऱ्याच्या मागेसुद्धा बसत नाही मी.

माझा रायडर चोवीस वर्षांचा, ताय जमातीचा, गालावर खळी. इथे समोरच्याला नावाने किंवा नुसतं 'तुम्ही' असं फारसं म्हणत नाहीत, नात्यानेच हाक मारतात, वय बघून. मोठा भाऊ तर आन्ह, मोठी बहीण तर ची, धाकटं कोणी असलं तर एम. रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तर तो एम आणि मी ची. मराठीत ची म्हटलं की कुणाची तरी असावं लागतं, इथे चार दिवस मी नुसतीच ची.

क्वान बाच्या स्वर्गद्वारापाशी थांबलो, खाली दोन एकसारख्या गोल टेकड्या, परीच्या म्हणे, आणि त्यांच्याभोवती कापणी झालेली भातखाचरं. फोटो काढले. आईला पाठवले. आईचं निघतानाच म्हणणं होतं की डोंगर बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्याकडं गर्भगिरी आहे की. तिला फोटो बघून काय वाटलं ते कळलं नाही, तिने फक्त 'जेवलीस का' असा व्हॉइस नोट पाठवला.

जेवले. मैत्रीण शाकाहारी आहे, तिने 'आन चाय' म्हणजे शाकाहारी हे दोन शब्द विमानातच पाठ केले होते आणि दिसेल त्याला ऐकवत होती. टोमॅटोतला टोफू, लसूण घालून परतलेली पाणपालकासारखी भाजी, भाताचं अख्खं पातेलं. भाजीत माशाचा सॉस नाही ना हे तिने तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाले, चौथ्यांदा मी तिला विचारू दिलं नाही.

मग मक्याची दारू आली. पाण्याच्या बाटलीतून येते, छोट्या पेल्यात ओततात, सगळे मिळून 'मोट, हाय, बा, योऽऽ' म्हणजे एक दोन तीन आणि घशाखाली, आणि प्यायल्यावर प्रत्येकाने प्रत्येकाशी हात मिळवायचा. मैत्रिणीने दिवाळीच्या फराळाचा डबा काढला. चकली आणि मक्याची दारू. कोणीतरी हे पुण्यात आधीच शोधून काढायला हवं होतं. यजमान बाईंनी चकली उलटसुलट करून बघितली, बोटाने काटे मोजल्यासारखं केलं आणि मशीन आहे का असं हाताने दाबून दाखवत विचारलं. सोऱ्या असं मी सांगितलं, त्यांना ते सॉरी वाटलं, त्या म्हणाल्या नो सॉरी, गुड.

दिवस दुसरा, डोंग वान

आज दगडांचा दिवस. येन मिनच्या पाइनच्या झाडांतून बाहेर पडलो आणि हळूहळू माती संपत गेली. हे अख्खं पठार चुनखडीचं, २०१० साली युनेस्कोने त्याला जागतिक भूउद्यान केलं, व्हिएतनाममधलं पहिलं. आपला सह्याद्री काळा, पायऱ्या-पायऱ्यांचा. हा करडा, सुळके सुळके, कोणीतरी चिडून चुरगळल्यासारखा. पाऊस भरपूर पडतो पण खडकाच्या भेगांतून खाली निघून जातो, वर प्यायला पाणी नाही. म्हणून डोंगराच्या अंगावर तळी बांधलीत, त्यांना टांगलेली तळी म्हणतात. मी लांबून बघितलं आणि ओरडले, शेततळं! एमने गाडी थांबवली, त्याला वाटलं मी पडले.

आणि शेत कसं, तर दगडांच्या मधे जिथे ओंजळभर माती असेल तिथे मक्याचे चार-पाच दाणे. माती नसेल तिथे पाठीवरच्या टोपलीतून आणून टाकतात. शेताभोवती आणि घराभोवती दगडाची भिंत, सिमेंट नाही, चिखल नाही, दगडावर दगड. आमच्याकडे याला ताल म्हणतात. माझे आजोबा ताली घालायचे.

थाम माच्या नऊ वळणांवर सगळ्या जगाची गर्दी. एम सांगतो, पूर्वी इथे घोड्याची परीक्षा घ्यायचे, ओझं लादून चढवायचा, वर दमात पोचला तर ठेवायचा, नाहीतर त्याचं थांग को करायचं. थांग को म्हणजे घोड्याच्या मांसाची आमटी, तीही आतड्यांसकट. मैत्रिणीला भाषांतर मी अर्धंच सांगितलं. वरती लहान लहान पोरी पाठीवर फुलांनी भरलेली टोपली घेऊन फोटोसाठी उभ्या असतात, पैसे द्यायचे आणि फोटो काढायचा. पाच-सहा वर्षांच्या असतील. मी फोटो काढला नाही आणि पैसेही दिले नाहीत आणि मग पुढचे दहा किलोमीटर दोन्हीबद्दल मला बरं वाटत नव्हतं.

सा फिनला ह्मोंग जमातीच्या राजाचा वाडा बघितला, अफूच्या पैशावर बांधलेला, खांबांच्या खालचे दगड अफूच्या बोंडासारखे घडवलेले. प्रामाणिकपणाच म्हणायचा. लुंग कूचा झेंडा बघितला, ५४ चौरस मीटरचा, देशातल्या ५४ जमातींचा म्हणून. पायऱ्या खूप. पलीकडे चीन दिसतो, इकडच्यासारखाच.

पण आज लिहायचं होतं ते हे. डोंग वानच्या अलीकडे एका ह्मोंग घराशी थांबलो, एमच्या ओळखीचं. मातीच्या जाड भिंती, आत अंधार, धूर, वर आढ्याला मक्याची कणसं टांगलेली. आणि कोपऱ्यात जातं. आपल्या जात्यासारखंच पण मोठं, आणि खुंटा नाही तर लांब लाकडी दांडा, बसून ओढायचं नाही, उभं राहून पुढेमागे ढकलायचं. आजीबाई दांडा ढकलत होत्या आणि सून जात्याच्या तोंडात मक्याचे दाणे टाकत होती, दांडा येतो तो हात काढायचा, दांडा गेला की हात घालायचा. बघून माझेच हात आखडले. मी विचारलं, करू का, तर आजींनी दांडा दिला. चार फेऱ्या जमल्या, पाचव्या फेरीला लय चुकली आणि दांडा सुनेच्या कोपराला लागला. ती हसली. आजी हसल्या नाहीत, दांडा काढून घेतला.

त्या पिठाचं मेन मेन करतात, म्हणजे मक्याच्या भरडीला पाणी शिंपडून वाफवायचं, काढून मोकळं करायचं, पुन्हा पाणी शिंपडून पुन्हा वाफवायचं. मला वाटीभर दिलं. कोरडं, रवाळ, फिकं, घशाशी अडकणारं. कण्याच की. आई बाहत्तरच्या दुष्काळाचं सांगते तेव्हा कण्या आणि मिलो या दोन शब्दांवर तिचा आवाज बदलतो. मिलो म्हणजे रेशनवर आलेली ती अमेरिकेची लाल ज्वारी. मी वाटी संपवली.

दिवस तिसरा, दु जा

सकाळी बाजारात कुट्टूच्या पिठाचा जांभळट केक खाल्ला, वीस हजारांचा. वीस हजार डोंग म्हणजे सत्तरेक रुपये, पण असं लिहिलं की श्रीमंत वाटतं. कुट्टूची फुलं सध्या सगळीकडे गुलाबी फुललीत, मैत्रीण म्हणाली हे उपासाला चालतं, आणि मग दिवसभर फुलांकडे वेगळ्याच नजरेने बघत होती.

मा पी लेंगचा घाट. याबद्दल सगळे लिहितात आणि सगळे खरं लिहितात. रस्ता डोंगराच्या कडेला ओरखडा काढल्यासारखा, आणि खाली, अगदी खाली, न्यो क्वे नदी, हिरवी, दोरीएवढी. एम इथे हळू चालवतो, हॉर्न देत देत. मागे बसलं की एक होतं, हाताला काम नसतं, रस्त्याकडे बघायचं नसतं, मग रस्ता कसा केलाय ते दिसायला लागतं. कापलेला खडक, पहारीच्या खुणा वाटाव्यात अशा खाचा, कठड्याचे दगड.

हा रस्ता १९५९ ते १९६५ या काळात केला. हा जांगपासून मेओ वाकपर्यंत साधारण १८५ किलोमीटर, नाव ठेवलं आनंदाचा रस्ता. सोळा जमातींची तरुण मुलं-मुली, हातोडा, छिन्नी, पहार आणि सुरुंग. मा पी लेंगच्या कड्यावर तर उभं राहायलाही जागा नव्हती, दोर कमरेला बांधून लटकत अकरा महिने खडक फोडला. जे मेले त्यातल्या काहींच्या कबरी येन मिनला आहेत, परवा आम्ही तिथून गेलो होतो. मी थांबले नाही, मला माहीतच नव्हतं. एम आज सांगतोय. मी विचारलं, परवा का नाही सांगितलंस, तर म्हणाला, ची, बहुतेक लोकांना धबधबा बघायचा असतो.

वर व्ह्यूपॉइंटला रेंज होती. आईला व्हिडिओ कॉल लावला. फोन फिरवून दरी दाखवली, नदी दाखवली, वळणं दाखवली. आई बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली,

"रस्ता कुनी केला गं हा?"

मी सांगितलं. पोरापोरींनी केला, हाताने.

"खडी कुनी फोडली?"

त्यांनीच, म्हटलं.

"बायाच आसतील. खडी बायाच फोडत्यात."

बाहत्तर साली आई सोळा वर्षांची होती. पाथर्डी तालुक्यातल्या दुष्काळी कामावर तिने खडी फोडली, बोटांना चिंध्या गुंडाळून, ब्रासवर पैसे, सुकडी खाऊन. डाव्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं ते नीट आलंच नाही, अजून वाकडं आहे. तो रस्ता कुठला ते तिला नक्की माहीत आहे, आम्ही एसटीने जायचो तेव्हा एका ठिकाणी ती खिडकीतून खाली बघायची. आम्हाला कधी दाखवला नाही. मी कधी विचारलंही नाही, मला वाटायचं तिला गाडी लागते.

मग आई म्हणाली, "बरं झालं गेलीस," आणि फोन ठेवला. मला पुढे अर्धा तास कोणाशी बोलायला नको वाटत होतं. मागच्या सीटचा हा एक फायदा, पाठीमागे काय चाललंय ते रायडरला दिसत नाही. पण त्याने आरसा फिरवला असावा, कारण पुढच्या टपरीवर न विचारता थांबला आणि उसाचा रस आणून दिला.

खाली उतरून नदीत बोटीने गेलो, तू सानच्या घळीतून, दोन्हीकडे ताठ भिंती. छान होतं. मन नव्हतं माझं.

संध्याकाळी उतरताना उजव्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला, अगदी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की डावीकडून उतरायचं. आता फोड आलाय, रुपयाएवढा. होमस्टेवाल्या ताय मावशींनी कोरफड चिरून लावली. काही बोलल्या नाहीत, नुसत्या जिभेने च्च च्च केलं, अगदी आपल्यासारखं.

दिवस चौथा, हा जांग, बस सुटायची वाट बघत

सकाळी धबधबा झाला (एमचं म्हणणं खरं, बहुतेक लोकांना बघायचा असतो, मलाही आवडला). मग धुळीचा, उखडलेला, दरडी काढायचं काम चाललेला रस्ता, दोन ठिकाणी उतरून चालावं लागलं. तिथे पण बायका होत्या, तोंडाला फडकं, टोपी, हातात फावडं. मी हात हलवला. एकीने हलवला.

एमने जाताना हेल्मेट काढून घेतलं आणि म्हणाला, ची, पुढच्या वेळी आईला आण. मी हसले, म्हटलं ती एकोणसत्तर की सत्तरच्या घरात असेल, तिची तिलाही नक्की माहीत नाही जन्मतारीख. तो म्हणाला, मग मी हळू चालवीन.

आत्ता वायफाय मिळाल्यावर आईला सगळे फोटो पाठवले, दोनशेच्या वर. दरीचे, फुलांचे, माझे, जात्याचे. तासाभराने एकच व्हॉइस नोट आला, आणि तोही दगडाच्या भिंतीच्या फोटोवर, जो मी गाडीवरून जाता जाता काढला होता, हललेला.

"ताल चांगली घातलीय. चिपा बघ कशा बसवल्यात, बोट जायचं न्हाई. पन खालच्या अंगाला एक दगड सुटलाय बघ, डाव्या हाताला. पावसात सगळी ताल घेऊन बसंल. सांग त्यांना."

फोटो मोठा करून बघितला. सुटलाय खरंच.

एमला फोन लावते.