शनी बाहेर, अंधार आत

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये फायबरचे डायनोसॉर, गुहा, किल्ले बनतात. बडोद्याबाहेरच्या एका पार्कच्या बंदिस्त रोलरकोस्टरला अंतराळाची थीम द्यायची होती. मालकांना भलामोठा शनी, परग्रहवासी आणि छतभर लुकलुकणारे तारे हवे होते. सगळं बसवलं आणि ट्रायलचा दिवस आला.

पहिली फेरी दिव्यांत झाली. शनीची कडी सुरेख दिसत होती, आमच्या पोरांनी जीव ओतून रंगवलेली. पण गाडीत बसलो की रूळ, खांब, पुढचा उतार सगळं आधीच दिसायचं. उतार दिसला की माणूस दांडी घट्ट धरतो, अंग आवळून घेतो. फ्लोरिडात १९७५ साली सुरू झालेल्या डिस्नेच्या स्पेस माउंटन या बंदिस्त, अंधाऱ्या रोलरकोस्टरचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपासच आहे. आपल्याकडची स्कूटर त्याहून जोरात पळते. तरी तिथे लोक किंचाळतात, कारण अंधारात पुढचं वळण कळत नाही.

मालकांना म्हटलं, "साहेब, एक फेरी माझ्या पद्धतीनं होऊ द्या."

शनीवरचे दिवे घालवले. ताऱ्यांचं लुकलुकणंही बंद केलं; ते पृथ्वीच्या हवेमुळे होतं, अंतराळात तारा स्थिर दिसतो. काही प्रकाशबिंदू मात्र रुळांजवळ ठेवले, कारण जवळून काही सर्रकन गेल्याशिवाय वेग जाणवत नाही. चढावर इंजिनाचा घरघराट वाढवत नेला आणि माथ्यावर आवाज एकदम तोडला.

मला खरं महत्त्व त्या माथ्याचं वाटतं. तिथे गाडी आणि माणूस एकत्रच खाली पडू लागतात, सीटचा आधार सुटल्यासारखा होतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या नव्वद टक्के असतंच. अंतराळवीर तरंगतात ते स्थानकासह सतत पडत असल्यामुळे. रोलरकोस्टर तेच क्षणभर देतो. जंगलाची किंवा भुताच्या वाड्याची थीम वरून चढवावी लागते, अंतराळाची आतूनच येते. म्हणून त्या क्षणी डोळ्यांना दुसरं काही द्यायचं नाही.

मालक उतरले ते पोटावर हात ठेवून. "उतार वाढवला की काय?" उतार तोच होता.

शनी आता रांगेच्या दालनात टांगायचा ठरलाय, तिथे लोकांना निवांत बघता येईल. आत भिंतींना काळा मॅट रंग, आणि प्रकाशबिंदू प्रवाशाच्या हाताच्या पल्ल्याबाहेर. परग्रहवासी एकही आत नको, हे मी लेखी कळवलंय.