राजगड-तोरणा आणि काकांचे जपून ठेवलेले बूट

राजगड ते तोरणा मी लीडर म्हणून कितीदा चाललोय ते मोजणं सोडलंय, पण गेल्या डिसेंबरातली ती बॅच काही डोक्यातून जात नाही. माझं काम टेलचं, म्हणजे सगळ्यात शेवटी चालायचं आणि आपल्या मागे कोणी राहू द्यायचं नाही. भाव सगळा पुढच्या लीडरला, वाट तो दाखवतो ना. असू दे. पाय मुरगळलेले, पाणी संपवून बसलेले, फोटो काढता काढता हरवलेले, सगळे शेवटी टेलच्याच पदरात.

गुंजवण्यातून पहाटे 4 ला निघालो, चोर दरवाज्यातून पद्मावती माचीवर आलो तेव्हा उजाडत होतं. एकूण 18 जण. त्यात एक काका, वय 61, बँकेतून रिटायर, चाल एकदम कडक, पायात भारीतले लेदरचे बूट. मी म्हटलं, काका नवीन का? तर म्हणाले, "नवीनच म्हण रे, मुलानं 12 वर्षांपूर्वी पाठवलेत, दोनदाच घातले, जपून ठेवले होते कपाटात." तिथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण मागे दोन पोरी नाश्त्याला पोहे की उपमा यावर भांडत होत्या, राहून गेलं.

संजीवनी माची संपता संपत नाही, अडीचेक किलोमीटरची आहे, मग अळू दरवाज्यातून खाली उतरून तोरण्याकडे जाणाऱ्या डोंगरधारेला लागायचं. मध्ये एक डांबरी रस्ता आडवा येतो, ज्याला सोडायचंय त्याला तिथून गाडीनं वेल्ह्याला धाडता येतं. तिथं मी सगळ्यांना विचारलं, कोणी थांबतंय का? काका सगळ्यात आधी पुढे निघाले. आणि तिथून अर्ध्या तासावर उजव्या बुटाचा सोल टाचेकडून जीभ बाहेर काढल्यासारखा लोंबायला लागला.

आता हे बूट वरून चांगले दिसतात, लेदर तुकतुकीत, खालचं रबर पण शाबूत, पण दोघांच्या मध्ये जो पीयूचा (पॉलियुरेथेन, म्हणजे फोमसारखं प्लास्टिक) मऊ थर असतो ना तो हवेतल्या ओलाव्यानं आतल्या आत कुजत जातो आणि नुसते ठेवून दिलेत म्हणून काही वाचत नाही. काकांच्या सोलमधून अक्षरशः बिस्किटाचा चुरा पडत होता. मी केबल टाय लावले, वरून मेडिकल टेप गुंडाळली, दहा मिनिटांत डावा पण सुटला. काका काही बोलेनात. मग हळूच म्हणाले, "त्याला फोटो पाठवायचा होता रे, हेच घालून."

पुढे धनगराचं एक घर लागतं, मावशी लिंबू सरबत विकतात. त्यांनी काकांच्या पायाकडे बघितलं आणि फस्सकन हसल्या. "ऐतवारी कुणाचं ना कुणाचं तळवं हितं सुटतंयच." आत जाऊन पोराचे काळे प्लास्टिकचे बूट घेऊन आल्या, जे घालून गावातली पोरं गडावर पळत जातात ते. "घाला बाबा, आठ नंबर हाय." पैसे विचारले तर म्हणाल्या, "बूट माघारी द्या म्हंजी झालं." काकांनी आपले बूट दोन्ही सुटलेल्या सोलांसकट तिथंच ठेवले.

आणि खरं सांगतो, त्या प्लास्टिकच्या बुटात माणूस मस्त चालला. तोरण्याच्या बुधला माचीखालच्या घसाऱ्यावर जिथं सुकलेल्या गवतावरून हजारांचे बूट घालणारे बसून उतरत-चढत होते (हो, चढताना पण बसून), तिथं काका सरळ उभे. टाचेला मात्र फोड आला, मोजा लहान पडला होता. मेंगाई देवीच्या देवळापाशी पोचायला पाच वाजले, काकांनी पोराला फोटो पाठवला, कमरेपासून वरचा. बिनी दरवाज्यातून उतरता उतरता अंधार पडला, टॉर्चच्या उजेडात वेल्ह्यात आलो तेव्हा साडेसात होऊन गेलेले.

पुढच्या रविवारी परत तीच रेंज. बूट धुऊन, वर काकांनी दिलेली नवीन मोज्यांची जोडी ठेवून घेऊन गेलो. मावशी घरी नव्हत्या, पोरगा होता, त्याच्याकडे दिले. निघताना वाड्याचं फाटक लोटलं तर ते आवाज न करता वळलं. बघतो तर वर-खाली खिळ्यांनी ठोकलेल्या दोन रबरी बिजागऱ्या, काकांच्या सोलांच्या.