दादांच्या सुतकात ते नाचाचं गाणं का लावलं होतं?

दर लग्नामुंजीत कोणी ना कोणी विचारतंच. आता तर त्या वेळी जन्मालाही न आलेली पुतवंडं विचारू लागलीत. यांनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं, "सीडी आपोआप पुढे गेली." मी ते तसंच राहू दिलं. सीडी आपोआप पुढे गेली हे खरंच आहे, पण पुढे काय येणार ते मला तोंडपाठ होतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

सीडी 'द इंग्लिश पेशंट'ची, 1996 च्या सिनेमाची. बैरूतमध्ये जन्मलेल्या गॅब्रिएल यारेदला या संगीतासाठी ऑस्कर मिळालं. दुसरं महायुद्ध संपत आलंय, होरपळलेला एक माणूस इटलीतल्या पडक्या मठात खाटेवर पडलाय आणि त्याला कैरो, वाळवंट, दुसऱ्याच्या बायकोवर केलेलं प्रेम आठवतंय. यारेदची व्हायोलिनं सुरू झाली की नुसती पुढे सरकत राहतात, मुक्कामाला म्हणून पोचत नाहीत. आणि मध्येच येतात जुन्या रेकॉर्डी. फ्रेड अस्टेअरचं 1935 चं 'चीक टू चीक', क्लॅरिनेट वाजवणाऱ्या बेनी गुडमनचा जॅझ बँड, शेफर्ड्स हॉटेलच्या नावाचा नाचाचा बँड. ते हॉटेल कैरोत खरोखर होतं, 1952 च्या जाळपोळीत गेलं. निर्माता सॉल झेन्ट्झ मुळात फॅन्टसी या जॅझ रेकॉर्ड कंपनीचा मालक, सीडीही त्याच कंपनीची. गाणी जागा भरायला घातलेली नाहीत, हे मी म्हणते ते त्यामुळेच. व्हायोलिनं फक्त आपल्याला ऐकू येतात. पण गुडमनच्या क्लॅरिनेटवर सिनेमातली ती माणसं स्वतः नाचली असतील, त्याच सुरांत एकमेकांकडे बघितलं असेल. ती रेकॉर्ड काढून टाकली तर खाटेवर नुसता मरणारा माणूस उरतो.

यांना हे कधी पटलं नाही. गुडमन आला की बटण दाबून पुढे. "रंगाचा बेरंग होतो," म्हणायचे. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग दादांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगवायू झाला. दुपारचं त्यांच्याजवळ बसणं माझ्याकडे. बोलणं गेलेलं, उजवी बाजू गेलेली. रेडिओवरचे अभंग लावले की ते डोळे मिटून तोंड फिरवायचे. उभ्या आयुष्यात मंडळात पखवाज वाजवलेला माणूस; दुसऱ्याचा पखवाज ऐकणं सोसत नसेल, असं आपलं मला वाटतं. एका दुपारी माझ्यासाठी म्हणून ही सीडी लावली होती. व्हायोलिनं चालू होती तोवर ते छताकडे बघत होते. गुडमनचं 'वन ओ'क्लॉक जम्प' सुरू झालं आणि डाव्या हाताचं बोट खाटेच्या लोखंडी दांडीवर पडायला लागलं. टक्, टक्. ती रचना मूळ जॅझ पियानोवादक काउंट बेसीची, बारा मापांचं आवर्तन, प्रत्येक मापात चार ठोके. आवर्तन फिरून पहिल्या ठोक्यावर आलं की दादांचं बोट जरा उंच उचललं जाऊन जोरात पडायचं. इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या माणसाला सम सापडली होती. संपलं की ते माझ्याकडे बघायचे आणि मी परत लावायचे.

यांना सांगितलं तर म्हणाले, "झटके असतात ते. डॉक्टरांनी सांगितलंय."

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी समाचाराला आलेली माणसं बाहेरच्या खोलीत बसली होती. दारात चपलांचा ढीग, कोपऱ्यात दिवा, त्याखाली पिठाची रांगोळी. खाट बाहेर काढून ठेवली होती, तिथली फरशी वेगळ्याच रंगाची दिसत होती. मी आत जाऊन सीडी लावली, आवाज अगदी बारीक. व्हायोलिनं चालू होती तोवर कोणी काही म्हणालं नाही, एक मावशी तर म्हणाल्या, "बरं वाटतंय हो." रडणारं वाद्य सुतकात चालतं. मग पियानो आला, पितळी वाद्यं आली, आणि बाहेरचं बोलणं थांबलं. वन्सं स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच आल्या. "काही जनाची?" एवढंच म्हणाल्या. यांनी येऊन वायर ओढली. आवर्तन अर्ध्यात तुटलं. त्याचा मला अजून राग आहे. संपूर्ण वाजू द्यायला हवं होतं, तीन-चार मिनिटांचा तर प्रश्न होता.

माई, माझ्या सासूबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, नंतरही कधी नाही.

वन्संचं चुकलं असं मी म्हणत नाही. बाप गेलेला, घरात चार माणसं बसलेली, त्यात ट्रम्पेट. त्यांच्या जागी मी असते तर मीही वायर ओढली असती. पण दादांसाठी त्या घरात दहा दिवस जे काही चाललं होतं, त्यात त्यांनी स्वतः मागून घेतलेली ही एकच गोष्ट होती. ती मी पुन्हा लावीन.

हे अजूनही म्हणतात, झटके होते. मी म्हणते, झटका दर बाराव्या मापानंतर जोरात कसा पडेल? त्यावर ते विचारतात, "तू मापं मोजत होतीस की दादांचं बोट बघून मापं ठरवत होतीस?" याचं उत्तर मला आजही छातीठोकपणे देता येत नाही.